पेरूच्या झाडावर बंदी कशाला?

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवे नियम वाचून दाखवले. क्रिकेट बंद, सायकल बंद, झाडावर चढणं बंद. पोट्ट्यांनी मग करायचं काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नियम हवेतच, हे मी तिथेही बोलले. विजेच्या डीपीच्या कुंपणाला कुलूप पाहिजे, पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट पाहिजे. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा भर दुपारी कोणी बाहेर नको. आणि नायलॉन मांजा तर अजिबात नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या येतातच. हे धोके लेकरांना दिसत नाहीत. ते हटवणं आपलंच काम आहे.

पण झाडाची उंची त्यांना दिसते. फांदी हलली की पाय कुठे ठेवायचा, हे पोरगी स्वतः ठरवते, आणि ते ठरवणं दुसऱ्या कोणी शिकवून येत नाही. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही जानेवारी २०२४ मध्ये अशा खेळाची बाजू घेतली: मुलांना गरजेपुरतं सुरक्षित ठेवा, शक्य तितकं नव्हे. गुडघे फुटतील, मला मान्य आहे. हळद घरात असतेच.

सायकलला आणि प्लास्टिक बॉलच्या क्रिकेटला संध्याकाळची वेळ मिळाली. झाडाचं अजून अडलंय. माझी मागणी साधी आहे: शेवग्यावर चढायला मनाई ठेवा, त्याची फांदी काडकन मोडते. पेरूवर चढू द्या. पावसात, ओल्या खोडावर मात्र नाही.