दहा वर्षांचं बीपी

इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात मी टीपीए डेस्कवर, म्हणजे आरोग्य विम्याच्या क्लेमच्या टेबलावर, बसते. कॅशलेसचे कागद पोर्टलवर चढवायचे आणि विमा कंपनीच्या उत्तराची वाट बघायची. शिव्या खाणं त्यातच आलं.

त्या दिवशी सकाळी 10 वाजता एका काकांचा डिस्चार्ज लागला. ॲन्जिओप्लास्टी झालेली. 2024च्या नियमाप्रमाणे कंपनीनं 3 तासांत फायनल कळवायला हवं. कळवलं की! मंजुरी नव्हे, क्वेरी. बीपी कधीपासून आहे? पहिल्या तपासणीचा कागद जोडा.

घोळ आमच्याच केस पेपरवर होता. भरतीच्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरनं लिहिलेलं, ‘बीपी, 10 वर्षांपासून’. पॉलिसी जेमतेम 4 वर्षांची, आणि तिच्या फॉर्मवर बीपीपुढे ‘नाही’. म्हणजे आजार लपवून विमा घेतल्याचा संशय. 5 वर्षं उलटली असती, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हे उकरताच आलं नसतं. मी कॉल सेंटरला चार फोन केले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी क्लेम नंबरपासून सुरुवात. समोर काकू मांडीवर डबा घेऊन बसलेल्या.

शेवटी विचारलं, “काकू, बीपीची गोळी पहिल्यांदा कोणी दिली?”

“कोणी म्हणजे? आमच्या रामबागेतल्या डॉक्टरांनी!”

फोन केला, तर अर्ध्या तासात ते स्वतःच स्कूटरवर हजर. पंच्याहत्तरीचे असतील. पिशवीत पिवळं पडलेलं कार्ड, अख्ख्या घराचं एकच. 2022 : पायात खिळा, धनुर्वाताचं इंजेक्शन, बीपी 126/80. 2023 : 150/96, मीठ कमी, फिरणं. महिन्यानं पुन्हा तेवढंच, मग गोळी. समासात बारीक अक्षरात, ‘मुलगा पुण्याला गेला, झोप नाही.’ आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रकाना नाही.

लेटरहेडवर त्यांनी चार ओळी लिहून दिल्या, मी कार्डासकट स्कॅन करून चढवल्या. (स्टेंट काही त्यांच्या दवाखान्यात बसला नसता, हेही खरंच.)

मग ते वर काकांच्या खोलीत गेले. “दहा वर्षं कुठून आणलीस रे?”

काका ओशाळले. “छातीत कळा येत होत्या, आणि तो पोरगा नुसता लिहीत बसलेला. म्हटलं, जास्त सांगितलं की लवकर बघतील.”

डॉक्टर पाचला दवाखाना उघडायला निघून गेले. मंजुरी पावणेआठला आली.