अकरा पट्ट्या

नव्या सदस्यांच्या स्वागताच्या दिवशी माझ्या पर्समध्ये कुंकवाची एक रिकामी डबी असते. तिच्यात पंधरा-वीस चाप. क्लबची पिन कोटाला किंवा पदराला टोचली की मागून बसतो तो छोटा पितळी चाप. तो हमखास निसटतो, खुर्च्यांखाली गडगडत जातो आणि अध्यक्ष पिन धरून फोटोसाठी तसेच हसत उभे राहतात. आठ वर्षं सदस्यता समिती माझ्याकडे आहे, त्यात शिकलेली ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे, बाईच्या रेशमी पदराला पिन कुणी उत्साहानं स्वतः लावायला जाऊ नये, हातात द्यावी. एकदा पैठणीला भोक पडलं होतं. त्या बाई पुढच्या सभेला आल्या नाहीत.

आमचा क्लब रोटरी नाही आणि लायन्सही नाही. दोघांचं पाहून शिकलेला, कर्वे रस्त्याच्या आजूबाजूच्या 62 जणांचा. महिन्यातल्या दोन बुधवारी साडेसातला सभा, 1 जुलैला नवं वर्ष, ऑगस्टमध्ये नव्यांचं स्वागत. लोकांना वाटतं, पैसे भरले की झाला सदस्य. तसं नसतं. आधी प्रस्तावक लागतो, मग अर्ज कार्यकारिणीपुढे जातो, मग नाव सगळ्यांना कळवून सात दिवस हरकतींची वाट बघायची. हरकत लेखी द्यावी असा नियम आहे, म्हणून ती कधीच लेखी येत नाही. रात्री साडेनऊला फोनवर येते. "माणूस चांगलाच आहे हो, पण..."

यंदा असे तीन फोन आले, तिन्ही एकाच नावावर.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या अलीकडे एका बोळात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या एका ज्येष्ठ वकील सदस्यांच्या आईचं जुनं पायमशीन त्यांनी चालू करून दिलं आणि पैसे घेतले नाहीत, एवढ्यावर वकीलसाहेबांनी त्यांचं नाव सुचवलं. तिन्ही फोनांचा सूर एकच होता. वर्गणी झेपेल का त्यांना? आपल्यात रमतील का? "आपल्यात" म्हणजे कशात, ते मी विचारलं नाही. अर्जातल्या व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात "मेकॅनिक" लिहिलं होतं. फाइल पुढे जावी म्हणून कार्यकारिणीच्या टिपणात मी ते "उद्योजक (शिवणयंत्र विक्री व सेवा)" असं केलं. बँकेत 31 वर्षं काढली आहेत, त्यातली निम्मी कर्ज विभागात. कागदावर माणूस कसा उभा करायचा ते मला येतं. नाव मंजूर झालं.

स्वागताचं सूत्रसंचालनही माझ्याकडेच असतं. त्यात दर वर्षी 1905 सालची गोष्ट येते. त्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस तीन जणांना घेऊन बसले, पुढच्या भेटी आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत घ्यायच्या ठरल्या, म्हणून नाव रोटरी. त्याच वर्षी 12 जूनला इथे पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. तिथे आत येणाऱ्याला सात शपथा आणि पाच वर्षांची उमेदवारी. "आमच्याकडे उमेदवारी रविवारी सकाळी दोन तास, इडली-चटणीसह," असं म्हटलं की हशा येतो. यंदाही आला.

पाच जण नवे होते. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर, एक सीए, आयटीतलं एक जोडपं आणि हे. शपथ झाली, पिना झाल्या, फक्त दोनच चाप पडले. मग प्रत्येकी दोन मिनिटं ओळख. सीएंनी सात मिनिटं घेतली. हे शेवटी आले. नवा पांढरा शर्ट, घड्या न मोडलेला. माइक हातात घेतला आणि मी वाचलेल्या परिचयापासूनच सुरुवात केली.

"मॅडमनी उद्योजक म्हटलं. मी उद्योजक नाही हो, मेकॅनिक आहे. मशीन उघडतो, साफ करतो, जोडतो." लोक हसले, कौतुकानं. तेही हसले. "तुमचा क्लब मला जुना माहीत आहे. तुमची मशीन येतात ना माझ्याकडे. दर वर्षी तुम्ही वाटता ती. आजवर अकरा आली."

पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "दुरुस्तीला?"

"नाही, विकायला."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. आमच्या गल्लीतून तुमची गाडी रोज जाते, असं सांगावं तितक्या सहज ते म्हणाले. पुढे त्यांना काहीतरी बोलायचं होतं, "काळं मशीन आता..." एवढं मला ऐकू आलं, पण अध्यक्षांनी घंटा वाजवली. दोन मिनिटं झाली नव्हती. वेळ माझ्याच हातातल्या घड्याळावर लावलेली होती, म्हणून हे खात्रीनं सांगते. मी आभाराचा कागद उचलला आणि वाचायला लागले. सीएंना सात मिनिटं दिली आणि यांना दीडसुद्धा नाही, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं.

जेवणाच्या वेळी ते ताट न घेता माझ्याकडे आले आणि बॉबिनांचा एक पत्र्याचा डबा हातात दिला. आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. आम्ही प्रत्येक मशीनच्या अंगावर लावतो त्या. वर क्लबचं बोधचिन्ह, खाली "सप्रेम भेट" आणि देणगीदाराचं नाव. "विकणारे म्हणतात पट्टी काढा, गिऱ्हाइकाला नको वाटते. पण माणसांची नावं आहेत, भंगारात कशी टाकायची? म्हटलं, आता तुमच्यातलाच झालो, तर परत करावीत."

मी बँकेत नवी होते तेव्हा शिरूर तालुक्यात दुभत्या जनावरांसाठी कर्ज देत होतो. विम्यासाठी म्हशीच्या कानात बिल्ला मारलेला असायचा. म्हैस मेली की शेतकरी तो बिल्ला घेऊन शाखेत यायचा, कारण बिल्ल्याशिवाय दावा मंजूर होत नसे. टेबलावर बिल्ला ठेवून तो काही न बोलता उभा राहायचा. तो डबा हातात घेतल्यावर मला इतक्या वर्षांनी ते टेबल आठवलं.

आणि त्याच दिवसांत शिकलेलं दुसरंही आठवलं, जे जास्त लागलं. कर्ज दिल्यावर जागेवर जाऊन बघायचं. म्हैस घेतली का, की पैशांत मुलीचं लग्न झालं. बिल्ल्याचा नंबर कागदाशी जुळतो का. ऊन असो, पाऊस असो, एसटी असो-नसो, मी जायचे. माझ्या तपासणी अहवालाला लेखापरीक्षक कधी शेरा मारू शकला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. आणि क्लबमध्ये आठ वर्षं मी दर वर्षी 25 मशीन वाटताना पाहिलीत. एकदाही कुणाच्या घरी गेले नाही.

घरी येऊन क्लबची फाइल उघडली. देणगीदारांचा तक्ता बघण्यासारखा आहे. नाव, पत्ता, पॅन, पावती क्रमांक, 80जीचं प्रमाणपत्र दिल्याची तारीख, पट्टीवरच्या नावाचं शुद्धलेखन तपासल्याची खूण. ती खूण माझीच. मशीन नेणाऱ्या बायकांच्या पानावर मात्र "लाभार्थी 1 ते 25", एक गटफोटो आणि सह्या. पत्ते नाहीत. बँकेत असलं पान मी तोंडावर परत फेकलं असतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर थोडा धुरळा उडाला. स्वागताच्या दिवशी घरचं धुणं चव्हाट्यावर आणू नये, असं एकानं लिहिलं. खाली सहा अंगठे. "आपण दिलं, पुढे त्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न," असं दुसऱ्यानं. हे दुसरं वाक्य मला अजून खोडता आलेलं नाही, म्हणून त्याचा राग येतो. अध्यक्षांनी मला वेगळा फोन केला. माणूस वाईट नाही. "घंटा जरा लवकर वाजली का हो?" असं विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी दुकानात गेले. बोळात चपला काढायलाही जागा नाही. त्यांच्याकडे एक जाड तार होती, तिच्यात आधार कार्डांच्या झेरॉक्स खोचलेल्या. चोरीचा माल पदरात पडू नये म्हणून जुनं मशीन घेताना ते झेरॉक्स घेतात, तिच्यावर फोन नंबर आणि तारीख टाकतात. आमच्याकडे नसलेले अकरा पत्ते तिथे तारेवर लटकत होते. खालून सुरुवात केली तर तारखेवार.

दोन रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून सात घरं केली. पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत, दांडेकर पुलाजवळ, कोथरूडला सुतारदऱ्यात. दोन घरं बदलून गेलेली. एका ठिकाणी नवऱ्याच्या दवाखान्यासाठी विकलं होतं. एकीनं सांगितलं, दहा बाय दहाची खोली, भाड्याची, दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलतं. लोखंडी स्टँड तिसऱ्या मजल्यावर कितींदा चढवणार? एका बाईंनी आम्हाला बसायलाच सांगितलं नाही. पैसे परत मागायला आलोत असं त्यांना वाटलं, आणि माझा चेहरा बघून कुणालाही तसंच वाटलं असतं.

सुतारदऱ्यात मात्र मी चाट पडले. त्या बाईंनी आमचं मशीन यांनाच विकलं होतं आणि वर साडेचार हजार घालून यांच्याकडूनच जुनं पिकोचं मशीन नेलं होतं. दारावर खडूनं लिहिलेली पाटी, "फॉल-पिको, ब्लाऊज". आत साड्यांचा ढीग.

मंचावर राहिलेलं वाक्य मला तिथे कळलं. आम्ही देतो ते काळं मशीन फक्त सरळ टीप मारतं. साडीच्या काठाला पिको करायला सुई डावी-उजवी हलावी लागते, ते त्याला जमत नाही. रेडिमेड कपड्यांमुळे घरी नवं शिवून घेणारे कमी झाले. वस्तीत रोजचं येतं ते फॉल-पिको, चेन बदलणं, ब्लाऊज आत घेणं. "सरळ टीप येते त्या बाईला दोन दिवसांत पिको येतो," ते म्हणाले. "पण मशीन दिल्यावर पुढे कोण शिकवतं?" बोलता बोलता बाईंच्या मशीनचा पट्टा त्यांनी बोटानं दाबून बघितला, शटल काढलं, आतला दोऱ्यांचा गुंता फुंकला, तेलाचे दोन थेंब सोडले. आवाज बदलला. एवढं करून वर म्हणाले, "रोज एक थेंब, ताई. महिन्यातून एकदा बाटली ओतायची नाही."

मी वहीत लिहीत होते. या बाईंची नोंद कोणत्या रकान्यात करायची, तेवढं सुचेना. आमच्या हिशेबात हे मशीन गेलेलं. पट्टी डब्यात आहे.

कार्यकारिणीत मी तीन गोष्टी मांडल्या. पत्ते घ्यायचे, तीन महिन्यांनी घरी जायचं, निम्मी मशीन पिकोची. पहिली मान्य झाली. दुसरीसाठी समिती नेमली, म्हणजे मीच. तिसरी पुढच्या वर्षावर गेली, कारण यंदाच्या 25 काळ्या मशीनची आगाऊ रक्कम भरून झाली होती आणि पट्ट्याही कोरून आल्या होत्या. समितीची पहिली बैठक त्यांच्या दुकानात घेऊ, असं मी सुचवलं. नाहीतरी शिकागोवाले तसंच करायचे. पार्किंग नाही, या मुद्द्यावर ते पडलं. ते स्वतः बुधवारच्या सभेला येत नाहीत. दुकान नऊला बंद होतं, आणि आम्ही त्या वेळी आइस्क्रीमवर असतो.

गेल्या आठवड्यात सदस्यांच्या डिरेक्टरीची प्रुफं आली. त्यांच्या नावापुढे माझाच शब्द छापलेला होता, "उद्योजक". मी लाल पेनानं खोडून "शिवणयंत्र दुरुस्ती" असं लिहिलं. मनावरचं थोडं ओझं कमी झाल्यासारखं वाटलं. तरी पद्धत म्हणून पानाचा फोटो त्यांना पाठवला, बरोबर आहे ना, कळवा.

दहा मिनिटांत फोन आला. मागे कुठलंतरी मशीन चालू होतं.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू. ते आधीचंच राहू दिलं तर चालेल का?"

"पण तुम्हीच तर सगळ्यांसमोर..."

"बोललो खरं. पण लेकीनं तुमचं स्वागताचं पत्रक कपाटाला लावलंय. कॉलेजच्या मैत्रिणींना दाखवते."

प्रुफं अजून माझ्या टेबलावर आहेत. प्रेसवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला.