आमची वाटचाल : बदनामी त्याची, भरपाई आमची

ड्रोन नियमावली २५ ऑगस्ट २०२१ ला आली. पुढच्या फेब्रुवारीत परदेशी ड्रोनची आयात बंद झाली, आणि त्यानंतर आम्ही ड्रोननं पिकावर औषध फवारायच्या धंद्यात उतरलो. धाकट्या भावानं डीजीसीएमान्य (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) संस्थेतून पायलटचं सर्टिफिकेट घेतलं, दहा लिटर टाकीचं देशी मशीन आणलं, त्याचा युआयएन, म्हणजे सरकारी नोंदणी नंबर, काढला. हे मुद्दाम लिहितोय. आमच्या सांगलीकडच्या पलूस भागात सुटे भाग जोडून केलेलं बिननंबरी मशीन उडवणाऱ्यांचीच तेव्हा चलती होती.

आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरायला गडी तयार होत नाही. तिथं ड्रोन लागतो. एकराला दहा लिटर पाणी, हवा शांत असली की दहा मिनिटांच्या आत एकर उरकतो. पहिले हंगाम बरे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग शेजारच्या गावातल्या एकानं आमच्या निम्म्या दरात फवारणी सुरू केली. तक्रार दराची नाही. त्यानं लहान उसातलं तण मारायला टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, तेही त्यातला ईस्टर प्रकार, तेही भर दुपारी वारं सुटल्यावर. बांधाला लागून द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणीची, घड बाहेर पडलेले! ईस्टरची वाफ होऊन हवेत जाते, त्याचाच दुसरा प्रकार अमाईन त्यामानानं जागेवर राहतं, एवढं तर दुकानदारसुद्धा सांगतो. आठवड्यात शेंडे आखडले, कोवळी पानं पंख्यासारखी चुण्या पडून अरुंद झाली. बागायतदाराचं वर्ष गेलं. त्या निम्म्या दरवाल्या गड्यानं फोन बंद केला, आणि गावात ठरलं : ड्रोन नको. कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही. ठरलेली कामं रद्द झाली, बँकेचा हप्ता मात्र चालूच.

तेव्हा एकटे तात्या मागं हटले नाहीत. आमचं पहिलं गिऱ्हाईक. म्हणाले, "माझ्या उसात मार, मी बांधावर उभा राहतो." आम्ही उसाच्या पानांवर आणि खाली सरीत पिवळे कागद लावले. थेंब पडेल तिथं हा कागद निळा होतो. वरच्या पानांवर बारीक दाट ठिपके, सरीत विरळ, आणि बांधापलीकडचा कागद पिवळाच्या पिवळा. तात्यांनी तो खिशात घातला आणि सोसायटीच्या कट्ट्यावर येईल त्याला दाखवला. जाहिरातीला आम्ही पैसा घातला नाही तो यामुळं. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. काही आजही आलेलं नाही.

नवीन पोरांना सांगतो, कुणी विचारो न विचारो. पावडरीचं औषध आधी बादलीत कालवा, फडक्यातून गाळा, मगच टाकीत. नाहीतर नोझल चोंदतं आणि एक पट्टा कोरडा राहतो. दोन औषधं एकत्र करायची तर आधी बाटलीत मिसळून बघा, दही झालं तर टाकीत नेऊ नका. गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका, फुगलेली तर घरातसुद्धा ठेवू नका. द्राक्षबाग शेजारी असेल तर टू-फोर-डीचं काम घेऊच नका, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तो गडी आता दुसऱ्या तालुक्यात फवारतो म्हणे. दर अजून निम्माच आहे.