फूल आणा, मग सांगतो

बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी जाताना एक कुंडी आमच्या अंगणात ठेवली. तीन धारांचं मांसल झाड, धारेधारेला काटे. वर्षभरात ते माझ्या खांद्याला लागलं. मला त्याचं नाव हवं होतं ते नातीसाठी. ती नुकती रांगायला लागली होती आणि झाडाचं टोक मोडलं की पांढराशुभ्र चीक ठिबकायचा.

नर्सरीवाला म्हणाला, "कॅक्टस." फोनमधल्या अ‍ॅपने तीन फोटोंना तीन नावं दिली. मग एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात गेले, फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून. तिथल्या सरांनी पुडकं उलगडलंसुद्धा नाही. "फूल आणा, मग सांगतो." म्हटलं, विषारी आहे का तेवढं तरी सांगा. पुन्हा तेच. कागद चिकाने भिजलेला त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

दोन हिवाळे मी फुलाची वाट पाहिली. शेणखत घातलं. कुणी म्हणालं पाणी तोडा, तर पाणी तोडलं. धारेवरची पानं तेवढी गळाली. रोज सकाळी चहाच्या आधी गच्चीवर जाऊन एकेक टोक निरखायचं. (कुंडी तोवर गच्चीवर नेली होती, जिन्याला फळी लावून.) कळी नाहीच. त्या दोन वर्षांचा मला आजही राग येतो, कारण फूल लागण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच.

हे सांगितलं एका निवृत्त शिक्षिकेने. बागेच्या प्रदर्शनात ओळख झाली आणि त्या घरी आल्या. हातात भिंग देऊन म्हणाल्या, काट्याचं बूड बघा. काटे जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडी एका इवल्या तपकिरी, टणक ढालीवर बसलेली. कॅक्टसच्या काट्यांखाली लोकरीसारखी गादी असते. त्यात हा दुधासारखा चीक. म्हणजे युफोर्बिया, आपल्या कुंपणाच्या शेराचा भाऊबंद.

मग प्रश्न उरला तो आपल्याकडचा त्रिधारी निवडुंग की दुसरं काही. त्रिधारीची पानं अगदी बारीक, लवकर झडणारी. माझ्या झाडाला बोटाच्या पेराएवढी, चमच्यासारखी पानं, फांद्या खोडाला लगटून सरळ वर गेलेल्या, अंगावर फिकट पांढुरके पट्टे. युफोर्बिया ट्रायगोना, आफ्रिकेतला. बागेत याला फूल क्वचितच येतं. अर्ध्या तासात सगळं उलगडलं.

तुम्हाला ओळख पटवायची असेल तर लांबून फोटो काढू नका; एका काट्याच्या जोडीचा जवळून काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. धारा मोजा. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: फांदी कापताना हातमोजे आणि चष्मा घाला. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

कुंडीवर आता पाटी आहे. नाव मी लिहिलं, त्याखाली लाल अक्षरात: चिकाला हात लावू नये.