उचलायच्या आधी: प्रथमोपचार शिकतानाचा माझा अनुभव

औसा-तुळजापूर रस्त्याला माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. उसाचा सीझन लागला की रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या कडेला उभ्या असतात आणि मोटारसायकलवाले मागून येऊन धडकतात. आवाज झाला की आम्ही पळत जातो. तिथं ऐकू येतं ते ठरलेलंच: "उचला, उचला, जीपमध्ये टाका!" दोघं काखेत हात घालतात, एकजण पाय धरतो आणि मान तशीच लोंबकळत जाते. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की तहसीलमधून प्रथमोपचार प्रशिक्षणाचा निरोप आल्यावर लगेच नाव देऊन टाकलं.

प्रशिक्षण लातूरला होतं. शिकवणारे सर रुग्णवाहिकेवर काम केलेले. त्यांनी औषधाच्या पेटीला सुरुवातीला हातच लावला नाही, आधी तपासणीचा क्रम घोटून घेतला. जागा धोक्याची नाही ना, डिझेल सांडलंय का, विजेची तार पडलीय का, मागून गाड्या येतायत का, हे आधी बघायचं. मग जखमीला हाक मारायची, खांद्यावर थाप मारायची. तो स्वतःहून बोलतोय, हाकेला ओ देतोय, चिमटा काढल्यावर हलतोय, की कशालाच दाद देत नाही? या चारपैकी कोणतं, ते लक्षात ठेवायचं, कारण थोड्या वेळानं परत बघितल्यावर तो सुधारतोय की ढासळतोय हे त्यावरूनच कळतं. भळाभळा रक्त वाहत असेल तर ते पहिल्यांदा थांबवायचं. त्यानंतर श्वासाचा मार्ग, श्वास आणि नाडी, याच क्रमानं.

मानेला मार लागल्याची शंका असेल तर डोकं मागं वाकवायचं नाही, जबड्याचे दोन्ही कोन बोटांनी पुढं उचलायचे. हे हाताला बसायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. छाती दाबायचं त्यामानानं लवकर जमलं: ३० वेळा दाबायचं, २ श्वास द्यायचे, मिनिटाला १०० ते १२० चा वेग आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोली. पण दोन मिनिटांतच माणूस दमतो, म्हणून जोडीदारानं जागा बदलायची.

मला खरं शहाणपण वाटलं ते डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीत. काळ्या पँटवर किंवा गडद लुगड्यावर रक्त दिसत नाही, आणि रात्री तर नाहीच. हातमोजा घालून पाठीखाली, कमरेखाली, मांडीखाली हात सरकवायचा आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून बोटं बघायची. डोळ्याला जे दिसत नाही ते मोज्याला लागलेलं असतं. पोट हलक्या हातानं दाबून बघायचं. फळीसारखं कडक लागलं तर आत रक्तस्राव असू शकतो, मग वरून ओरखडासुद्धा नसला तरी तो माणूस घाईचा. आणि माणूस शुद्धीवर असेल तर हात लावायच्या आधी विचारायचं, "मामा, मी प्रथमोपचार शिकलेला हाय, बघू का? कुठं दुखायलंय?" या विचारण्यानं तो निम्मा शांत होतो, हे मी पुढं स्वतः अनुभवलं.

शेवटची परीक्षा मैदानावर झाली. ट्रॅक्टर उलटल्याचा देखावा होता आणि स्वयंसेवकच जखमी होऊन पडलेले. जखमी जास्त आणि मदतीला हात कमी असले की आधी कुणाला बघायचं, ते रंगीत चिठ्ठ्या लावून ठरवायचं होतं. पहिली हाक द्यायची: "ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या लिंबाखाली जा." ते सगळे हिरवे, म्हणजे थांबू शकणारे. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला अर्धा मिनिट. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा साधी सूचना पाळता येत नसेल तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी. बाकीचे पिवळे, म्हणजे लालनंतर. एकजण जिवाच्या आकांतानं ओरडत होता. पण जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्यांकडं कुणी जात नाही आणि जीव त्यांचाच जात असतो. श्वासाचा मार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळी चिठ्ठी, म्हणजे वाचायची आशा नाही, ती लावून पुढं जायचं. पडलेला माणूस खोटा आहे हे माहीत असूनही ती चिठ्ठी बांधताना माझा हात जड झाला. किल्लारीच्या भूकंपाचा विषय तेव्हा निघालाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंतींखालून माणसं काढली ती आधी शेजाऱ्यांनीच. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आपल्या भागात प्रत्येक गावात चार-दोन माणसं तरी शिकलेली असायलाच हवीत, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

त्यानंतरच्याच सीझनला दुकानापुढं एक गाडी ट्रॉलीवर आदळली. मागचा पोरगा पाय धरून ओरडत होता. चालवणारा पालथा, गप्प, आणि श्वासाला घरघर. मी डोकं-मान दोन्ही हातांत धरून ठेवली आणि तिघांना खांदा, कंबर, पाय वाटून दिले. एका हाकेसरशी चौघांनी त्याला कुशीवर वळवलं. तोंडातलं रक्त बाहेर आलं, घरघर कमी झाली. कुणीतरी पाण्याची बाटली आणली होती, ती मागं सारायला लावली. १०८ येईपर्यंत मी मान सोडली नाही. गाडीतल्या डॉक्टरांनी विचारलं तेच नेमकं सांगायचं शिकवलेलं होतं: किती वाजता झालं, आल्यावर कसा होता, आम्ही काय केलं, आता कसा आहे. दोघंही वाचले.

त्या रात्री फोन लावायला मात्र लोक कचरत होते. पोलिसांचं लफडं मागं लागेल ही भीती. वास्तविक सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४अ आलंय. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ही ज्याची त्याची मर्जी, आणि दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही. हवा भरायला थांबणाऱ्या ड्रायव्हरांना मी आता हे आधी सांगतो आणि मान कशी धरायची ते नंतर दाखवतो.