तुम्ही विचारलंत म्हणून: तेल बदललं, तरी व्हॅक्यूम का येत नाही?

"जुन्या बाजारातून रोटरी व्हेन पंप आणला, तेल बदललं, तरी व्हॅक्यूम येत नाही. आता खोलू का?" इतक्या जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच नीट सांगतो. लगेच खोलू नका. (रोटरी व्हेन पंप म्हणजे फिरत्या पात्यांनी हवा ओढून बाहेर टाकणारा पंप.)

येत नाही, हे कशावरून ठरवलंत? काट्याच्या गेजवरून असेल, तर तो पुरावा नाही. तो बाहेरच्या हवेशी तुलना करतो. पुण्यात हवेचाच दाब पाऱ्याच्या सुमारे 710 मिलिमीटर. पंप कितीही उत्तम असला तरी काटा 760, म्हणजे समुद्रसपाटीवरचा पूर्ण व्हॅक्यूमचा आकडा, गाठणार नाही. आत 5 मिलिबार आहे की 0.01, तेही त्याला कळत नाही. पैसे मोजके असतील तर पहिला खर्च पिरानी गेजवर, म्हणजे आतला अगदी कमी दाब मोजणाऱ्या गेजवर करा. ते थेट पंपाच्या तोंडाशी बसवा. लांब रबरी नळी स्वतःच वायू सोडत राहते.

तेल एकदा बदलून भागत नाही. गॅस बॅलास्ट (पाण्याची वाफ बाहेर जावी म्हणून थोडी हवा आत सोडणारी झडप) उघडा ठेवून अर्धा तास चालवा, गरम असतानाच तेल काढा, नवं भरा, पुन्हा चालवा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी. त्याला अशा तीन-चार फेऱ्या लागतात. आतून धुवायला रॉकेल फिरवू नका, मागे उरलेलं रॉकेल वाफ होऊन आकडा बिघडवतं. मोजताना बॅलास्ट बंद हवा. दोन टप्प्यांचा धड पंप 0.01 मिलिबारच्या खाली उतरतो आणि तिथे कोरडी टकटक करतो. घाबरू नका, हवेची उशी उरली नाही की तेल झडपेवर आपटतं.

"जुना पंप आधी पूर्ण खोला," असं पूर्वी मीच सांगायचो. त्या सल्ल्यावर खोललेला एक पंप अजून डोळ्यांपुढे आहे. 0.05 मिलिबारवर अडकलेला, म्हणजे कामचलाऊ तरी होता. जोडताना गळती नको म्हणून स्टेटर (पाती ज्यात फिरतात ते स्थिर कवच) आणि बाजूच्या प्लेटीमध्ये सिलिकॉन पेस्ट लावली गेली. ती जागा धातूला धातू भिडण्याची आहे. पाती धरून फिरणाऱ्या रोटरच्या टोकाशी मिलिमीटरच्या काही शतांशांचीच फट असते आणि तिला तेलाची साय बंद करते. पेस्टच्या जाडीने प्लेट तेवढी मागे सरली, फट वाढली. दाबून बाहेर आलेली पेस्ट तेलाच्या बारीक भोकात जाऊन बसली. पाती कोरडी फिरली. तासाभरात जळका वास, मोटर हात लावू नये इतकी तापलेली. पुन्हा खोललं तर स्टेटरच्या आतल्या आरशासारख्या भिंतीवर नख अडकेल अशा रेघा. बोअर करून घ्यावं तर रोटरची फट बिघडते. पंप संपला. सल्ला माझा होता, पेस्ट माझी नव्हती. पण पेस्ट लावू नका, हे सांगायचं मीच राहिलो होतो.

खोलावंच लागलं, तर पात्यांची दिशा पेन्सिलीने खुणावून ठेवा. प्लेटी सुती धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून फक्त तेलाचा हात द्या. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा आणि दर वेळी रोटर हाताने फिरवून पाहा. ऑइल सील दुकानात मागताना शाफ्ट, बाहेरचा व्यास आणि जाडी, तिन्ही मापं द्या. थर सुटलेली पाती टाकून द्या. पंप रसायनांच्या किंवा चिप बनवण्याच्या कामातून आलेला असेल आणि त्यातून काय गेलं हे कळत नसेल, तर तो उघडूच नका.

प्लेटीवर नुसते हलके ओरखडे असतील, तर सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) घासून घ्यावी का? घासताना सपाटपणा जातो म्हणून मी नको म्हणतो. घासूनही उत्तम चालणारे पंप मी पाहिलेत. याचं ठाम उत्तर अजून माझ्याकडे नाही.