मे महिन्यातलं भाज्यांचं प्रदर्शन आणि कोपऱ्यातलं बियांचं टेबल

झाडाफुलांची प्रदर्शनं आपल्याकडे थंडीत होतात, राणीच्या बागेतलं मोठं प्रदर्शनही तेव्हाच असतं, पण आमचा ठाण्यातला गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा ग्रुप दरवर्षी मुद्दाम मे महिन्यातच भरवतो आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. घोडबंदर रोडच्या तापलेल्या स्लॅबवर एप्रिलभर कोणी काय जगवलं ते त्या एका सकाळी हॉलमध्ये दिसतं. थंडीत कोथिंबीर-मेथी बऱ्याच जणांकडे येते, मेमध्ये पडवळ आणणाऱ्याला आपोआप मान मिळतो.

यंदाही छान झालं. भेंडी, गवार, कारली, शिराळी, लाल माठ, वांगी, अळू, शिवाय गवती चहा आणि कढीपत्त्याच्या जुड्या. पाच भेंड्या एका प्लेटमध्ये, पाचही सारख्या लांबीच्या, शेंडा मोडला की कट्कन तुटला पाहिजे असा नियम. हे ऐकायला सोपं वाटतं, पण चार-पाच झाडांच्या कुंड्यांमधून एकाच सकाळी पाच सारख्या भेंड्या मिळणं म्हणजे रोज सकाळी जाऊन बघणं आलं, कारण एक दिवस उशीर झाला की भेंडी जून.

प्लेट मांडायची ही पद्धत इंग्लंडमधल्या अलॉटमेंट सोसायट्यांची. तिथे लोकांना भाजीपुरता जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, पूर्ण प्लॉट साधारण २५० चौरस मीटरचा, आणि १९०८ च्या कायद्याने तिथल्या कौन्सिलांवर ती जबाबदारी आहे. उन्हाळ्यात त्यांचे शो भरतात, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे जजिंगचे नियम असतात, पिकवायला अवघड भाजीला एकूण गुणच जास्त. ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे रुळांकडेची भाजी, रेल्वेने आपल्याच कर्मचाऱ्यांना ग्रो मोअर फूड योजनेत लावायला दिलेली जमीन. बाकी आपल्या नशिबात गच्ची आणि ग्रो बॅग.

पाचपाखाडीच्या एका काकूंचं पडवळ यंदा पहिलं आलं. कोवळं असतानाच टोकाला दोऱ्याने छोटा दगड बांधला होता म्हणून सरळ वाढलं, नाहीतर पडवळ वेटोळं घेतं. पण दगडापेक्षा खरं काम त्याच्या आधीचं. पडवळ, दुधी, शिराळी यांची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात, गावाकडे नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत न्यायचं काम पतंग करतात पण बाराव्या मजल्याच्या वरच्या गच्चीवर त्यांच्या भरवशावर कसं राहणार, मग दिवेलागणीला टॉर्च घेऊन वर जायचं आणि नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावायचं. काकू गुडघे दुखत असताना हे रोज करत होत्या. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला, मलाही भरून आलं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हॉलच्या कोपऱ्यात, पंख्यापासून लांब, एक बियांचं टेबल असतं. कागदाच्या पुड्या, वर पेनने लिहिलेलं, गावठी वाल, काळी घेवडी, पांढरं कारलं, सासरहून आणलेली चवळी. त्याला गुण नाहीत, बक्षीस नाही. आणि माझ्या मते तेच टेबल मधोमध पाहिजे. हायब्रीडची पाकिटं मीही आणते, त्यात वाईट काही नाही, पण त्या फळातलं बी पेरलं तर पुढची पिढी सारखी येत नाही, म्हणजे दरवर्षी दुकानात जाणं आलंच. गावठी वाण नीट राखलं तर पुढच्या वर्षीही तेच मिळतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम आयुष्यभर केलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी एवढं उभं केलं, आपण कुंडीत एक वाण तर सांभाळू शकतो ना.

आणि बी राखणं हे कौशल्य आहे, प्लेट सजवण्याहून मोठं. भेंडीचं त्यातल्या त्यात सोपं, एक शेंग झाडावरच वाळू द्यायची. पण केवडा रोग पडलेल्या, पिवळ्या शिरांच्या झाडाचं बी धरू नये, निरोगी झाडाचीच शेंग ठेवावी. दुधीचं अवघड, कारण शेजारच्या गच्चीवर हायब्रीड दुधी असेल तर परागकण मिसळतात. म्हणून उमलायच्या आधीच नर आणि मादी दोन्ही फुलं दोऱ्याने बंद करायची, संध्याकाळी आपल्या हाताने परागण करायचं आणि मादी फूल परत बांधायचं.

मग गुण कसे द्यायचे, असं कमिटीतल्या एका दादांनी विचारलं. मी सांगितलं, उगवण बघा. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि ते फडकंच प्लेटवर मांडायचं. दहातले आठ कोंब आले तर उत्तम, चार आले तर बी जुनं झालंय. कारल्या-पडवळाचं कवच जाड असतं, त्यांना रात्रभर भिजवून जरा जास्त दिवस द्यायचे. शेजारी लेबल, बी कुठून आलं, किती वर्षं घरात आहे. पाच गुण उगवणीला, पाच त्या माहितीला. दादांनी वहीत लिहून घेतलंय, पुढच्या मीटिंगला मी परत विषय काढणार आहे.

तोपर्यंत, ठाण्यात जवळपास राहत असाल तर माझ्याकडे आईच्या माहेरच्या पडवळाचं बी आहे, थोडंच आहे पण वाटायचंय. पहिला पाऊस झाला की लावा, वेलाला मांडव उंच करा, आणि एक पडवळ शेवटपर्यंत तोडू नका, लाल होऊन पिकू द्या. बी धुऊन सावलीत वाळवायचं, राखेत घोळून कागदात ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओल राहिली तर बुरशी धरते.